दसऱ्याला पुजलेली डिस्क

३ ऑक्टोबर, शुक्रवार

मशीन बसलं! काल दसऱ्याची पूजा केली आणि आज सकाळी बटण दाबलं तर काळा पडदा, वर पांढऱ्या अक्षरांत एक इंग्रजी ओळ. बूट डिव्हाइस सापडत नाही, ते घाला आणि कोणतीही कळ दाबा. कोणतीही कळ दाबली. मग दुसरी दाबली. मग कीबोर्डवरच्या सगळ्या कळा रांगेने दाबल्या. दर वेळी तीच ओळ पुन्हा खाली उमटली. शेवटी पडदाभर एकच वाक्य झालं — शिक्षा म्हणून शंभरदा लिहायला लावल्यासारखं.

देवळीत बावीस वर्षं टायपिंगचं दुकान चालवतो. फॉर्म, अर्ज, झेरॉक्स. लोक मला कॉम्प्युटरवाले चंद्रभान भाऊ म्हणतात. आज हे कॉम्प्युटरवाले भाऊ शटर अर्धं खाली ओढून बसले होते. कोणी पाहू नये!

फॉर्मचं काम लॅपटॉपवर होतं, ते चालू आहे. हे जुनं मशीन मी एकाच कामासाठी ठेवलं होतं. त्या कामाबद्दल आज लिहीत नाही. लिहिलं तर घाबरेन.

४ ऑक्टोबर

आजचे उपचार. बंद करून सुरू केलं — सतरा वेळा. मागे खोचलेलं सगळं काढलं: प्रिंटर, पेनड्राइव्ह, स्पीकर. तेच. मग सुरू होताना डिलीटची कळ टकटक दाबत राहिलो, तेव्हा आतलं निळं पान उघडलं. तिथे मशीनला काय काय जोडलंय त्याची यादी असते. कीबोर्ड आहे. माउस आहे. डिस्कच्या जागी काही नाही. कोरं.

तारीख मात्र होती. १ जानेवारी २००९. म्हणजे मशीनच्या मते मी तेहतीस वर्षांचा आहे. क्षणभर बरं वाटलं.

घरी जिजाला सांगितलं. म्हटलं, पंखा फिरतो, दिवा लागतो, आवाजही येतो, पण आतली डिस्क त्याला दिसत नाही. ती भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "तेही तुमच्यावानीच हाय. घुंघुं करते, पन आयकत नाई."

अठ्ठावीस वर्षांच्या संसारात माझं एवढं नेमकं निदान कोणी केलं नव्हतं.

५ ऑक्टोबर

सकाळी माळ घेऊन बसलो. मण्यामागे मणी, मनात एकच नाम — डिस्क, डिस्क, डिस्क. एकशे आठ पूर्ण झाले तेव्हा लक्षात आलं.

६ ऑक्टोबर, कोजागिरी

लिहूनच टाकतो.

त्या डिस्कवर अण्णाजींची भजनं आहेत. आमच्या गावच्या भजन मंडळाचे अण्णाजी. वय त्र्याऐंशी. शाळा चौथीपर्यंत. नांगरामागे चालता चालता रचलेली त्यांची स्वतःची दोनशे चौदा भजनं, सात वह्यांत, त्यांच्याच हातची. मी दहा वर्षांचा असताना त्यांच्या मंडळात टाळ धरला. देव आहे की नाही हे मला पोथीने शिकवलं नाही, त्यांच्या एका भजनाने शिकवलं —

जोडा काढला बाहेर, उभा तुह्या दारी
हात जोडले तुले, नजर जोड्यावरी

हे ऐकून हसलो होतो. मग देवळात हात जोडले की माझीही नजर दाराकडे जाते हे कळलं, तेव्हापासून त्या माणसाचा झालो.

चार वर्षांपूर्वी त्यांनी सातही वह्या माझ्या हाती दिल्या. वाळवी लागलेली, पानं बोटाला भुगा होऊन चिकटायची. म्हणाले, यंत्रात घाल, पुस्तक कर, आणि झालं की वह्या नदीत सोड. देवाचं नाव लिहिलेला कागद पायाखाली येऊ नये, ही आमच्याकडची रीत. फाटकी पोथीही कोणी रद्दीत देत नाही. श्रावणात काम संपलं. जिजाने शिरा केला. गणपती विसर्जनाच्या दिवशी सातही वह्या लाल कापडात बांधल्या, फूल ठेवलं, नमस्कार केला, आणि यशोदा नदीत सोडल्या. रीतसर!

दुकानाच्या भिंतीवर माझ्याच अक्षरात पाटी आहे — "आपल्या फाइलची एक प्रत पेनड्राइव्हमध्ये ठेवावी. नंतर तक्रार चालणार नाही." बावीस वर्षं लोकांना वाचून दाखवतो आहे. स्वतः एकदाही वाचली नाही.

संध्याकाळी मारुतीच्या पारावर अण्णाजी भेटले. विचारलंच त्यांनी, "कुठवर आलं रे पुस्तक?"

आणि मी म्हणालो, छपाईला गेलं.

मारुतीच्या समोर. त्याच्याकडे पाठ होती माझी, एवढीच सोय. ठरलं होतं असं की त्रिपुरी पौर्णिमेला गावात काला असतो त्या दिवशी पुस्तक मारुतीच्या पायाशी ठेवायचं. ५ नोव्हेंबर. बरोब्बर एक महिना.

निघताना त्यांनी पुन्हा तेच विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं. एका खोट्यावर भागलं असतं, पण दोन झाली. त्यांना संशय आला असावा, म्हणूनच दोनदा विचारलं.

८ ऑक्टोबर

शेजारचा पुनाजी घड्याळं दुरुस्त करतो. त्याला म्हटलं, तारीख चुकते म्हणजे आतला नाण्याएवढा सेल गेला असेल. सेल गेला की मशीन सगळं विसरतं, डिस्कसुद्धा. हे मी इतक्या आत्मविश्वासाने सांगितलं की माझाच माझ्यावर विश्वास बसला. पुनाजीने भिंतीवरच्या घड्याळांच्या खोक्यातून एक सेल काढून दिला. बसवला. तारीख लावली. मी पुन्हा एकोणपन्नासचा झालो. डिस्क नाहीच.

पुनाजी म्हणे, "भाऊ, घड्याळ चालू झालं ना? मंग माह्यं काम झालं. बाकीचं तुमचं तुमी पाहा."

९ ऑक्टोबर

सापडलं! आणि हे पान कोणाच्या हाती लागू नये.

झालं असं होतं. दसऱ्याला सगळे आपापली हत्यारं पुजतात — कोणी विळा, कोणी वस्तरा, ड्रायव्हर गाडी. मी दरवर्षी मशीनच्या डब्याला गंध लावतो. या वर्षी मनात आलं, हा तर नुसता डबा. भजनं आत आहेत. देव्हाऱ्याच्या दाराला गंध लावून मूर्ती तशीच ठेवणं बरं नव्हे. म्हणून बाजूचं झाकण काढलं. डिस्कच्या दोन्ही वायरी काढल्या. कोरड्या कापडाने तिला स्वच्छ पुसलं — स्नान म्हणून. हळद, कुंकू, आपट्याचं पान. आणि वरून चिमूटभर अक्षता, मनापासून. मग वायरी परत दाबून बसवल्या. थोडी घट्ट वाटली एक. आणखी जोर लावला. भक्तिभावाने!

आज वायर काढून बॅटरीचा उजेड पाडला. डिस्कच्या खाचेत, आतल्या बारीक पट्टीवर आडवा बसलेला एक तांदळाचा दाणा. कुंकू लावलेला. दाण्यामुळे वायर पुरती आत जातच नव्हती, मशीनला दिसणार काय?

मी खो खो हसलो. एकटाच. मारुतीला एक नारळ कबूल केला. म्हटलं, उद्या दाणा काढायचा आणि विषय संपला.

१० ऑक्टोबर

विषय संपला नाही.

दाणा आत पक्का रुतला होता. चिमटा जाईना. जिजाची सेफ्टी पिन घेतली. हळूच आत घातली, हळूच वळवली — दाणा निघाला. त्याच्यासोबत आतली प्लॅस्टिकची पट्टीही निघाली, तांब्याच्या बारीक रेघांसकट. तुटून. हातावर दोन्ही शेजारी शेजारी ठेवून किती वेळ पाहत बसलो. दाणा माझ्या श्रद्धेचा, पट्टी माझ्या घाईची.

आता वायर अडकायला जागाच राहिली नाही. जे नुसतं दिसत नव्हतं ते मी आता खरोखर मोडलं. जिजाला पिन परत दिली. तिने विचारलं, झालं का काम? म्हटलं, झालं. तिसरं खोटं.

१३ ऑक्टोबर, सोमवार

वर्धेत मोतीलाल नावाचे एक गृहस्थ आहेत, साठीचे, मेलेल्या डिस्कमधून माल काढून देतात. नुसती डिस्क नेली असती तरी चाललं असतं. पण मारुतीलाही औषधी ओळखता आली नव्हती, म्हणून त्याने अख्खा डोंगर उचलला. मीही अख्खा डबाच उचलला. एसटीत मांडीवर घेऊन बसलो. कंडक्टर म्हणाला, "पेशंटले कुठं नेऊन राह्यले भाऊ?" म्हटलं, दवाखान्यातच. गाडीतले सगळे हसले, मीही हसलो. डब्याला घट्ट धरून होतो मात्र.

मोतीलालभाऊंनी झाकण उघडलं आणि थांबले. आत हळद. कुंकू. वाळलेलं आपट्याचं पान पंख्यात अडकलेलं.

"पूजा केली काय?"

मान हलवली.

म्हणाले, पंचवीस वर्षांत पाण्यात बुडालेले पाहिले, आत पाल मेलेले पाहिले, मुंग्यांनी वारूळ केलेले पाहिले. सौभाग्यवती कॉम्प्युटर पहिलाच. मग भिंग लावून पट्टी तुटलेली जागा पाहिली आणि त्यांचा चेहरा बदलला. डिस्कमध्ये रेघांची टोकं उरली आहेत, पण केसाएवढी. एकेक वायर हाताने टाकावी लागेल. एकदाच प्रयत्न करता येईल, दुसऱ्यांदा करायला तांबं उरणार नाही. दिवाळीच्या गर्दीत हात लावणार नाही, नंतर शांतपणे करेन.

विचारलं, किती येईल त्यातून?

म्हणाले, "सगळंच येईल, नाई तर काईच नाई येनार."

डबा सोडून आलो. येताना मांडी इतकी हलकी वाटत होती की नको झालं.

१६ ऑक्टोबर

अण्णाजींना टाळायला देवळात पहाटे जातो आहे. देवाला वाटत असेल, भक्ती वाढली.

२१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन

दुकानात पूजा. लॅपटॉपला गंध लावायला हात पुढे केला तर जिजाने अक्षतांची वाटीच उचलून घेतली. "दुरून नमस्कार करा. लक्ष्मीले समजते." तिला सगळं कळलंय. पुनाजीने सांगितलं असणार. किंवा पिनेच्या वाकड्या टोकावरून तिला समजलं असेल. तिला समजायला फार लागत नाही.

मग वाती लावता लावता म्हणाली, अण्णाजींना सांगितलं का? म्हटलं, डिस्क दुरुस्त झाली तर सांगायची गरजच पडणार नाही. ती म्हणाली, "अन् नाई झाली तं? काल्याच्या दिवशी काय ठेवान मारुतीपाशी, तांदूळ?"



२४ ऑक्टोबर

गेलो. फराळाचा डबा घेऊन गेलो, म्हणजे हात रिकामे दिसू नयेत.

अण्णाजी अंगणात बाजेवर बसले होते, उन्हात. मी खाली बसलो आणि सगळं सांगितलं. दसऱ्याची पूजा, दाणा, पिन, छपाईचं खोटं. सांगताना मध्येच माझं मलाच हसू आलं आणि मग ते हसू नीट थांबेना, त्याचंच रडू झालं.

त्यांनी एवढंच विचारलं, "वह्या नदीत सोडल्या ना?"

म्हटलं, सोडल्या. लाल कापडात.

"मंग काऊन रडतं? सोडाच्याच होत्या." मग म्हणाले, यंत्र आहे, बसलं. भर पेरणीत बैल बसत नाही का? बैलाला शिव्या देऊन काय होतं? मी म्हटलं, बैलाला मीच पाडला. तर हसले. पुढचे दात नाहीत, लहान मुलासारखे दिसतात हसले की.

मग जे बोलले ते इथे जसंच्या तसं ठेवतो. "मले पुस्तक कायले पाह्यजे रे? मले कुठं दिसते आता? पन मी गेल्यावर काल्याच्या दिवशी कोनाच्या तोंडी एखादं राह्यलं, तं मी गेलो असं नाई होत."

निघालो तर आनंदाबाई, त्यांची बायको, फाटकापर्यंत आल्या. आवाज खाली करून म्हणाल्या, "लवकर करजो भाऊ. आता म्हनता म्हनता मधातच थांबतेत. मंग मलेच इचारतेत, समोर काय होतं म्हनून. मले कुठं येते?"

सायकलवर बसलो आणि पारावरचं ते दोनदा विचारणं आठवलं. तो संशय नव्हता. मी त्या म्हाताऱ्याला इतके दिवस पोलीस समजून पळत होतो.

२५ ऑक्टोबर

माफी मिळाल्यावर माणसाला भूक किती लागते! चार भाकरी खाल्ल्या. जिजा मोजत होती.

२९ ऑक्टोबर

दुपारी मोतीलालभाऊंचा फोन. गिऱ्हाईक समोर बसलेलं, मी उभाच राहिलो. म्हणाले, आलं सगळं. एकही फाइल गेली नाही. म्हणे अकरा वायरी टाकल्या, श्वास रोखून, आणि पहिल्याच झटक्यात डिस्क बोलली. "तुमचा देव जबरदस्त हाय भाऊ. पन अक्षता नका टाकू आता."

समोरच्या माणसाच्या उत्पन्नाच्या दाखल्याचा फॉर्म मी आज इतक्या प्रेमाने भरला की तो घाबरला. मारुतीचे नारळ एकाचे पाच केले. छापखान्याला फोन केला — परवा फाइल देतो, चार तारखेपर्यंत निदान एक प्रत बांधून द्या, एकच. हो म्हणाले.

३० ऑक्टोबर

मोतीलालभाऊंकडून पेनड्राइव्ह आणला. एक नाही, तीन. लॅपटॉपवर उघडला. पहिली वही. जोड्याचं भजन समोर आलं आणि मी दुकानात मोठ्याने म्हटलं. पुनाजी डोकावून गेला. दुसरी, तिसरी, चौथी, पाचवी. एकशे पंचावन्न भजनं. एक काना इकडचा तिकडे नाही.

सहावी उघडली.

वर अण्णाजींचं नाव. खाली वहीचा क्रमांक. त्याखाली भजनांची नावं, एकतीस, आकडे घालून. आणि प्रत्येक नावाखाली कोरी जागा.

सातवीतही तसंच. अठ्ठावीस नावं. कोरं.

मोतीलालभाऊंना फोन केला, म्हटलं, दोन वह्या राहिल्या त्या डिस्कमध्ये. त्यांनी पुन्हा पाहिलं. तासाभराने फोन आला. म्हणाले, दोन्ही फाइली दोन वर्षांपूर्वी एका दुपारी बनल्या, त्याच दुपारी बंद झाल्या, नंतर उघडलेल्याच नाहीत. "डिस्कनं काई नाई खाल्लं भाऊ. जे लिवलंच नाई ते मी कुठून काढू?"

मग आठवलं. दुकानातली माझी सवय. फॉर्म आला की आधी नाव, गाव, तालुका भरून ठेवायचं, बाकी रकाने निवांत. सहाव्या-सातव्या वहीची नावं एका दुपारी घालून ठेवली, आकडे लावले, अनुक्रमणिकेतही चढवली, आणि गिऱ्हाईक आलं असेल. यंदा श्रावणात पाचवी संपवली, वेगळी ठेवलेली अनुक्रमणिका पाहिली, तर तीत शेवटचा आकडा दोनशे चौदा. संपलं! आणि शिरा खाल्ला. आणि सातही वह्या नदीत सोडल्या. उघडूनही पाहिल्या नाहीत.

तीन आठवडे एका तांदळाच्या दाण्याला दोष देत होतो. अण्णाजींनी यंत्राला माफ केलं. यंत्राने काहीच केलं नव्हतं.

३१ ऑक्टोबर

दुकान उघडलं नाही. जिजाने विचारलंही नाही.

१ नोव्हेंबर

छापखान्याला कळवलं, थांबा.

२ नोव्हेंबर, रविवार

सकाळी गेलो. सांगितलं — दोन वह्या उतरवल्याच नाहीत; चूक डिस्कची नाही, माझी. अण्णाजी म्हणाले, "नावं तं हायेत ना? वाच एकेक. मी सांगतो."

सहाव्या वहीतलं पहिलं नाव वाचलं. त्यांनी डोळे मिटले आणि अख्खं म्हटलं, चालीसकट. मी लिहून घेतलं. आनंदाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

दुसरं वाचलं. ते माझ्याकडे बघत राहिले. बराच वेळ.

"हे माहं हाय काय?"

मी हो म्हटलं. खाली अजून सत्तावन्न नावं होती.